बार्बाडोसचा खडक आणि बार्बाडोसचा वारा

मला विचारलेला प्रश्न असा आहे की, कामानिमित्त दोन आठवडे ब्रिजटाउनला जाणे होणार आहे. छायाचित्रांत बार्बाडोसचे काही किनारे तळ्यासारखे शांत, तर काही सतत खवळलेले दिसतात. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांबीचे असताना हा फरक कशामुळे, आणि पोहायला जायचे तर कुठे जावे? शिवाय आजूबाजूची बेटे इंग्रज, फ्रेंच आणि डच यांच्यात सतत हात बदलत असताना हे एकच बेट १६२७ पासून १९६६ पर्यंत अखंड इंग्रजांकडे कसे राहिले? किनाऱ्यांच्या भूशास्त्रीय अभ्यासात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या निमित्ताने या बेटावर अनेकदा मुक्कामही झाले आहेत. माझ्या मते वर विचारलेला प्रश्न दोन प्रश्नांसारखा दिसत असला तरी तो एकच आहे आणि त्याचे उत्तर खडक आणि वारा यांत शोधावे लागते. राजे, सनदा आणि गव्हर्नर यांची नावे कोणत्याही पर्यटन-पुस्तिकेत मिळतात. त्या सगळ्यांच्या पायाखाली जो चुनखडक आहे, त्याच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

प्रथम बेटाची जागा पाहू. ग्रेनाडापासून उत्तरेकडे सेंट व्हिन्सेंट, सेंट लुशिया, मार्टिनिक, डॉमिनिका अशी जी बेटांची कमान नकाशावर दिसते, ती ज्वालामुखींची कमान आहे. बार्बाडोस या कमानीत नाही. ते सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला, सुमारे १६० किलोमीटरवर, अटलांटिकमध्ये एकटेच उभे आहे, आणि त्याच्यावर एकही ज्वालामुखी नाही. अटलांटिकच्या तळाचा भूपट्ट पश्चिमेकडे सरकत कॅरिबियन भूपट्टाखाली जातो. जाताना त्याच्या पाठीवरचा गाळ वरच्या पट्टाच्या काठाने खरवडला जातो आणि पाट्यावर वाटण वाटताना वरवंट्यापुढे जसा गोळा जमत जातो तसा या काठापुढे चुरगळून साचतो. लाखो वर्षे साचलेल्या या प्रचंड ढिगाचा जो एकच माथा समुद्राबाहेर आला, तो म्हणजे बार्बाडोस. या ढिगात दक्षिण अमेरिकेच्या नद्यांनी एके काळी खोल समुद्रात नेऊन टाकलेली वाळू आणि चिकणमातीही आहे.

हा माथा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आल्यावर त्याच्यावर प्रवाळ वाढू लागले. जमीन उचलली जात राहिली, दर हजार वर्षांना साधारण ३० सेंटीमीटर या गतीने, आणि मधल्या काळात हिमयुगांबरोबर समुद्राची पातळीही वर-खाली होत राहिली. त्यामुळे प्रवाळाची एक रांग कोरडी पडायची, तिच्याखाली समुद्रात दुसरी वाढायची, आणि काही हजार वर्षांनी तीही वर यायची. आज पश्चिम किनाऱ्यावरून बेटाच्या मध्याकडे गाडीने निघाले की रस्ता एकसारखा चढत नाही. सपाटी, मग एकदम उंचवटा, पुन्हा सपाटी असा पायरीपायरीने चढतो. प्रत्येक पायरी म्हणजे एकेका काळचा किनारा आहे. या पायऱ्यांमधल्या प्रवाळांचे वय १९६०च्या दशकाच्या अखेरीस युरेनियम-थोरियम पद्धतीने काढण्यात आले आणि पृथ्वीच्या कक्षेतील बदलांशी हिमयुगांचा संबंध आहे या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला. पुढे १९८९ मध्ये याच बेटालगतच्या समुद्रातून काढलेल्या प्रवाळ-नमुन्यांवरून, शेवटच्या हिमयुगाच्या कळसाला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, हे दाखवून देण्यात आले. आमच्या व्यवसायातल्या माणसाला बार्बाडोस म्हटले की पुळणीच्या आधी या पायऱ्या आठवतात, हे मान्य केले पाहिजे.

सुमारे ४३० चौरस किलोमीटरच्या या बेटाचा जवळपास ८५ टक्के भाग प्रवाळाच्या चुनखडकाने झाकलेला आहे. उरलेला ईशान्येकडचा तुकडा, ज्याला ‘स्कॉटलंड डिस्ट्रिक्ट’ म्हणतात, तिथे हे झाकण झिजून गेले आहे आणि खालचा चुरगळलेला गाळ उघडा पडला आहे. तिथे टेकड्या आहेत, ओढे आहेत, पावसाळ्यात घसरणारे उतार आहेत, आणि दर काही वर्षांनी खचणारे रस्ते आहेत. बेटाचा सर्वांत उंच भाग, माउंट हिलबी, याच सीमेजवळ आहे आणि त्याची उंची अवघी ३४० मीटरच्या आसपास आहे. उंच डोंगर नसणे ही गोष्ट इथे लक्षात ठेवावी. इतिहासाच्या भागात तिची गरज पडणार आहे.

आता वारा. या अक्षांशावर वर्षातले बहुतेक दिवस व्यापारी वारे पूर्व-ईशान्येकडून वाहतात. बेटाच्या पूर्वेला आफ्रिकेपर्यंत अडथळा असा काहीच नाही, त्यामुळे लाटांना वाढायला हजारो किलोमीटरचा मोकळा समुद्र मिळतो आणि त्या पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतात. पश्चिम किनारा मात्र बेटाच्या वळचणीला येतो. वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, पाण्यावर नुसती शहारे उठतात, आणि अंगणातल्या हौदात पोहावे तसे पोहता येते. हा फरक अनुभवायला पूर्वेचे बॅथशेबा आणि पश्चिमेचे होलटाउन यांच्यामधला अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास पुरतो.

वाळूही दोन्हीकडे एक नाही. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यांवरची पांढरी वाळू ही प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी शैवाल यांचा चुरा आहे. त्यातला बराचसा चुरा पोपटमाशांच्या पोटातून आलेला असतो. हे मासे खडकावरचे शैवाल खाताना प्रवाळही कुरतडतात आणि पचले नाही ते वाळूच्या रूपाने टाकून देतात. सहलीला आलेल्या मंडळींना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे पाय क्षणभर वाळूवरून उचलले जातात. पूर्वेला, स्कॉटलंड डिस्ट्रिक्टच्या समोर, वाळूत गारगोटीचे कण मिसळतात आणि तिचा रंग तपकिरी होतो. हे कण मुळात दक्षिण अमेरिकेचे आहेत. बॅथशेबाच्या पुळणीवर छत्रीच्या आकाराचे जे प्रचंड दगड उभे आहेत, ते वरच्या कड्यावरून गडगडत आलेल्या चुनखडकाचे तुकडे आहेत. लाटांनी आणि खडक पोखरणाऱ्या समुद्रजीवांनी त्यांचे बूड खाल्ले आणि डोके राहिले.

तेव्हा पोहायचे असेल तर पश्चिमेला पेन्स बे, होलटाउन, मलिन्स आणि ब्रिजटाउनला लागूनच असलेला कार्लाइल बे ही ठिकाणे निवडावीत. कार्लाइल बे हा अर्धचंद्राकृती उपसागर आहे, तळाशी वाळू आहे, आणि काही बुडालेली जहाजे इतक्या उथळ पाण्यात आहेत की नळी-चष्मा लावून वरूनही दिसतात. होलटाउनजवळच्या फोकस्टोन सागरी उद्यानाच्या हद्दीत ‘स्टाव्रोनिकिटा’ हे मालवाहू जहाज १९७८ मध्ये मुद्दाम बुडवून कृत्रिम प्रवाळखडक तयार केला गेला, पण ते खोल आहे आणि प्रशिक्षित पाणबुड्यांसाठीच आहे. दक्षिणेला रॉकली, डोव्हर, वर्दिंग इथे थोड्या लाटा असतात, पण त्या मजेच्या असतात; त्याही पुढे सिल्व्हर सँड्सला वारा इतका भरवशाचा आहे की पतंगाला बांधून पाण्यावर घसरणाऱ्यांची तिथे गर्दी असते. आग्नेयेची क्रेन आणि बॉटम बे ही कड्यांखालची पुळण माझ्या मते बेटावरची सर्वांत देखणी आहे, पण लाटा जोरदार असतात. तिथे डोळ्यांनी भरपूर घ्यावे आणि पाण्यात बेताने जावे. बॅथशेबा आणि कॅटलवॉशला पोहू नये, एवढे स्पष्ट सांगतो. तिथे परतणारे पाणी माणसाला सरळ आत ओढते. ‘सूप बोल’ या तिथल्या लाटेवर जगभरचे लाटस्वार येतात, पण त्यांची गोष्ट वेगळी. ओहोटीला खडकांच्या मधल्या डबक्यांत बसून अंगावर पाणी घेता येते. स्थानिक लोकही तेच करतात.

मुंबई-कोकणच्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन जाणवेल. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो. बार्बाडोसला तो जेमतेम एक मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणून तिथली पुळण अरुंद असली तरी दिवसभर साधारण तेवढीच राहते, आणि वेळापत्रक बघून समुद्रावर जावे लागत नाही. मात्र प्रवास हिवाळ्यात असेल तर एक सावधगिरी आहे. डिसेंबर ते मार्चच्या काळात उत्तर अटलांटिकच्या दूरच्या वादळांमुळे लांब पल्ल्याच्या लाटा उत्तरेकडून वळून पश्चिम किनाऱ्यावर येतात. इथे आकाश निरभ्र असते, वारा नेहमीचाच असतो, आणि तरीही एरवी निवांत असलेल्या समुद्रात दोन-तीन दिवस मोठ्या लाटा उठतात व एका रात्रीत पुळणीची बरीच वाळू ओढून नेतात. ती वाळू पुढे हळूहळू परत येते, पण त्या दिवसांत पोहणे टाळावे. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर २०११ पासून काही महिन्यांत सारगॅसम हे तपकिरी समुद्रशैवाल ढिगांनी येऊन पडते. कुजले की त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. पश्चिमेला त्याचा त्रास बराच कमी असतो. आणि किनाऱ्यावरच्या ज्या झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला असेल, ती मँचिनीलची झाडे आहेत: त्यांचे सफरचंदासारखे फळ विषारी असते, चीक कातडी भाजतो, आणि पावसात त्यांच्याखाली उभे राहिले तरी ठिबकणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात.

चुनखडकाचा आणखी एक परिणाम म्हणजे नद्यांचा अभाव. पाऊस पडतो, पण पाणी जमिनीत मुरते, खडक विरघळवत भेगा-गुहांमधून खाली जाते. सेंट थॉमस परगण्यातली हॅरिसन्स केव्ह ही अशीच घडलेली आहे. बेटाचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने या भूजलातूनच उपसले जाते, आणि म्हणून १९६३ पासूनच इथे भूजल-संरक्षणासाठी विभाग आखून कुठे काय बांधायचे यावर बंधने आहेत. उरलेले पाणी किनाऱ्याखालून समुद्रात झिरपते. पश्चिम किनाऱ्यावर ओहोटीला वाळूत हात घातला तर काही ठिकाणी गोड पाण्याचा गारवा लागतो. वरच्या शेतांमधले खत आणि घरांचे सांडपाणी हेच पाणी सोबत आणते, शैवाल माजते, आणि प्रवाळ गुदमरतो. होलटाउनला मॅकगिल विद्यापीठाचे बेलेअर्स संशोधन केंद्र १९५४ पासून आहे, त्यामुळे या ऱ्हासाची नोंद कॅरिबियनमध्ये फार थोड्या ठिकाणी असेल इतक्या तपशिलाने इथे झाली आहे. प्रवाळ मेला तर नवी वाळू तयार होत नाही आणि लाटाही अडत नाहीत. दक्षिण किनाऱ्यावर दगडांचे बांध घालून आणि त्यांच्यामागे फेरफटक्याचा मार्ग बांधून पुळण राखली आहे. काम चांगले झाले आहे, पण ते कुबडीचेच काम आहे.

आता इतिहास. बेटाचे नाव पोर्तुगिजांनी दिले असे मानले जाते. ‘बार्बाडोस’ म्हणजे दाढीवाले. ही दाढी माणसांची नसून एका झाडाची असावी असे बहुतेकांचे मत आहे. ते झाड आपल्या वडाच्याच कुळातले, फांद्यांवरून पारंब्या सोडणारे. पारंब्यांना दाढी म्हणणे कोणालाही सुचेल. इथे शतकानुशतके मूळनिवासी राहत होते, पण इंग्रज आले तेव्हा बेट निर्मनुष्य होते. १४ मे १६२५ रोजी कॅप्टन जॉन पॉवेल याने राजा पहिला जेम्स याच्या नावाने त्यावर हक्क सांगितला आणि १७ फेब्रुवारी १६२७ रोजी त्याचा भाऊ हेन्री पॉवेल सुमारे ८० वसाहतवाले आणि १० गुलाम घेऊन, आज जिथे होलटाउन आहे तिथे, पश्चिमेच्या त्याच शांत पाण्यात उतरला. होलटाउनमध्ये १६२५ च्या त्या पहिल्या आगमनाचा स्मारकस्तंभ आहे आणि त्यावर १६०५ हे साल कोरले आहे. तब्बल २० वर्षांची चूक! दगडावर कोरलेले खरे मानायची सवय असलेल्यांनी तो जरूर पाहावा.

बेट कायम इंग्रजांकडे राहिले, याचे कारण इंग्रजांच्या शौर्यापेक्षा वाऱ्यात अधिक आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात कमानीतल्या बेटांवरून बार्बाडोसला जायचे म्हणजे व्यापारी वाऱ्याच्या थेट तोंडावर, वाकडेतिकडे हेलकावे घेत, दिवसेंदिवस जावे लागे. मार्टिनिकमध्ये फ्रेंच आरमार बसले तरी त्याला सेंट लुशिया हाकेच्या अंतरावर आणि वाऱ्याच्या ओघात होते, बार्बाडोस मात्र वाऱ्याविरुद्ध होते. उलट, युरोपातून किंवा आफ्रिकेतून येणाऱ्या इंग्रज जहाजांना ते सर्वांत आधी लागे. सेंट लुशिया १४ वेळा हस्तांतरित झाले असे मोजले जाते. बार्बाडोस एकदाही नाही. १६६५ मध्ये डच दर्यासारंग मिखिएल डी रॉयटर कार्लाइल बेमध्ये शिरला खरा, पण किल्ल्यांच्या तोफांनी त्याची जहाजे जायबंदी केली आणि त्याला निघून जावे लागले. बेटाने शरणागती पत्करली ती एकदाच, १६५२ मध्ये, आणि तीही इंग्लंडच्याच संसदेच्या आरमारापुढे, कारण राजा आणि संसद यांच्या यादवीत मळेवाल्यांनी राजाची बाजू घेतली होती. तह दक्षिणेच्या ऑइस्टिन्स गावात झाला. आज तिथे शुक्रवारी रात्री तळलेले मासे खायला सारे बेट लोटते आणि तहाची आठवण फारशी कोणाला होत नाही.

अखंड सत्तेचा अर्थ असा की मळेवाल्यांना कोणाची भीती उरली नाही. १६३९ पासून त्यांची स्वतःची विधानसभा होती. तंबाखू निकृष्ट निघाली, कापूस बेताचा चालला, आणि १६४० च्या दशकात ब्राझीलच्या पेर्नांबुकोमधून डचांच्या मदतीने उसाचे तंत्र आले. जेम्स ड्रॅक्स हा त्यातला आघाडीचा मळेवाला. सेंट जॉर्जमधले ड्रॅक्स हॉल त्याच्या घराण्याने बांधले आणि शतकानुशतके आपल्याकडेच राखले. जमीन सपाट असल्याने ऊस लावता आला नाही असा कोपराच जवळपास उरला नाही. चार दशकांच्या आत जंगल संपले. ऊस गाळायला पवनचक्क्या आल्या आणि पुढे त्यांची संख्या ५०० च्या वर गेली. म्हणजे ज्या वाऱ्याने बेटाचे रक्षण केले, तोच चरकही फिरवू लागला. सेंट अँड्र्यूमधली मॉर्गन लुइस ही पवनचक्की अजून यंत्रासह उभी आहे.

इथे मातीबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण ते मला अतिशय आवडते. शुद्ध चुनखडक विरघळला तर मागे जवळजवळ काहीच उरत नाही, मग ही काळी-तांबडी माती आली कुठून? अभ्यासांती असे दिसले की तिचा मोठा भाग वाऱ्याने आणला आहे: व्यापारी वाऱ्यांनी सहारा वाळवंटाची धूळ, आणि सेंट व्हिन्सेंटच्या सुफ्रिएर ज्वालामुखीची राख. राख पश्चिमेकडून, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध येते, हे लोकांना १८१२ मध्ये अघटित वाटले होते. १ मे रोजी दिवसाढवळ्या अंधार झाला आणि जमिनीवर राखेचा थर बसला. उंचावरचे वारे खालच्या वाऱ्यांच्या उलट दिशेने वाहतात, हे त्याचे कारण. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा तसेच झाले. ही माती खडकावर पातळ थरात पसरलेली असल्याने पावसात झपाट्याने वाहून जाई. मग चौकोनी खड्डे खणून ऊस लावण्याची पद्धत आली आणि उतारावरून वाहून गेलेली माती टोपल्यांत भरून डोक्यावरून परत वर नेण्याचे काम गुलामांच्या माथी आले.

गुलामगिरीचा कायदा या बेटाने इतरांना शिकवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १६६१ ची गुलाम-संहिता जमेकाने आणि नंतर उत्तर अमेरिकेतल्या कॅरोलिनाने उचलली. कॅरोलिनाच्या वसाहतीत बार्बाडोसचे मळेवाले मोठ्या संख्येने गेले होते. १६६८ च्या कायद्याने तर गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवले, म्हणजे जमिनीबरोबर ते वारसाहक्काने जात. चर्चही यातून सुटले नाही: ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन हा मळेवाला १७१० मध्ये वारला आणि त्याचे मळे धर्मप्रसार करणाऱ्या इंग्रज संस्थेकडे गेले, तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ अशी अक्षरे डागलेली असत. त्याच देणगीतून उभे राहिलेले कॉड्रिंग्टन कॉलेज आजही सेंट जॉनमध्ये ताडांच्या रांगेपलीकडे मोठ्या दिमाखात उभे आहे. आणि क्राइस्ट चर्च परगण्यात न्यूटन मळ्याची दफनभूमी आहे, जिथे अंदाजे ५७० गुलाम पुरलेले आहेत. तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, उतारावरचे गवत आहे. तरी जावे.

डोंगर नाहीत हे लक्षात ठेवावे असे वर म्हटले होते. जमेकात पळालेले गुलाम डोंगरांत स्वतंत्र वस्त्या करून राहिले आणि इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. बार्बाडोसला जंगल नव्हते, डोंगर नव्हते. लपायला ओहोळांच्या घळी आणि गुहा तेवढ्या होत्या. काही जण होडीत बसून वाऱ्याच्या ओघाने सेंट व्हिन्सेंट गाठत. मोठा उठाव झाला तो थेट १४ एप्रिल १८१६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बुस्सा या गुलामाच्या नेतृत्वाखाली. ७० हून अधिक मळ्यांवर तो पसरला आणि काही दिवसांतच चिरडला गेला. १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा बेटावर सुमारे ८३ हजार गुलाम होते. तरी १८३८ पर्यंत त्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले. ब्रिटिश सरकारने साम्राज्यभर वाटलेली २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, राबणाऱ्यांना नाही.

स्वातंत्र्य मिळाले, पण जायचे कुठे? त्रिनिदाद किंवा गयानामध्ये मोकळी जमीन होती, लोक मळे सोडून गेले, मजूर मिळेना, म्हणून भारतातून गिरमिटिया नेण्यात आले: १८३८ ते १९१७ या काळात गयानात सुमारे २ लाख ३९ हजार, आणि १८४५ पासून त्रिनिदादमध्ये १ लाख ४० हजारांहून अधिक. बार्बाडोसची इंच न् इंच जमीन मळ्यांची असल्याने माणसे तिथेच अडकली, मजुरी स्वस्त राहिली, आणि भारतीय मजूर आणण्याची गरजच पडली नाही. कॅरिबियन म्हटले की आपल्याकडे चटकन भारतीय वंशाच्या लोकांची आठवण निघते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बार्बाडोसमधले भारतीय २० व्या शतकात आले, आणि ते बंगाली व सुरतेकडचे गुजराती व्यापारी होते.

मळ्याच्या जमिनीवर भाड्याने राहणाऱ्या या लोकांनी जी लाकडी घरे बांधली, त्यांना ‘चॅटल हाउस’ म्हणतात. आपल्या भाषेत जंगम घर. ती सुट्या दगडांवर ठेवलेली असत. मालकाने हाकलले की फळ्या सुट्या करायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसऱ्या मळ्यावर पुन्हा उभ्या करायच्या. आधी माणसे स्थावर आणि नंतर घरे जंगम, हा उलटा हिशेब मला त्या घरांसमोर उभे राहिल्यावर दर वेळी आठवतो. पायाखालची जमीन विकत घेण्याचा हक्क अशा भाडेकरूंना १९८० च्या कायद्याने मिळाला. त्याआधी सुटकेचा मार्ग समुद्रापलीकडे होता: १९०४ ते १९१४ दरम्यान पनामा कालव्याच्या कामावर सुमारे २० हजार पुरुष करारावर गेले आणि त्यांच्या पैशातून पहिल्यांदा काही सामान्य घरांनी जमीन घेतली.

किनाऱ्यांचा नवा इतिहास इथूनच सुरू होतो. समुद्रालगतची वाळवट पट्टी उसाच्या उपयोगाची नसल्याने तिला फारसा भाव नव्हता. तिथे कोळी आणि गरीब माणसे राहत. १९६१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर सँडी लेन हे हॉटेल सुरू झाले, पुढे लंडनहून काँकॉर्ड विमाने येऊ लागली, आणि त्याच पट्टीला ‘प्लॅटिनम किनारा’ म्हणू लागले. कायद्याने बेटावरची प्रत्येक पुळण सार्वजनिक आहे आणि कोणतेही हॉटेल वाळूवरून उठवू शकत नाही. पण वाळूपर्यंत पोहोचायला वाट लागते, आणि पश्चिमेला ती दोन उंच कुंपणांच्या मधली हातभर रुंदीची बोळ असते. अशा बोळांवर सार्वजनिक प्रवेशाच्या पाट्या असतात. पाटी दिसली की निःसंकोच आत जावे.

वादळांबद्दलही एक वाक्य हवे. बेट दक्षिणेला आणि पूर्वेला असल्याने चक्रीवादळे बहुधा त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, तरी १७८०, १८३१ आणि १९५५ ही साले तिथे विसरलेली नाहीत. १७८० मध्ये एकट्या बार्बाडोसवर हजारो माणसे मेली. आपल्या वाचकांना २०२४ चे आठवत असेल. २९ जून रोजी रोहित शर्माच्या संघाने ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर विश्वचषक जिंकला आणि बेरिल वादळामुळे विमानतळ बंद झाल्याने संघ तिथेच अडकून पडला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर जी गर्दी झाली, ती या वादळाने दोन-तीन दिवस लांबवलेली होती. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले, तरी दक्षिण आणि पश्चिम बाजूंनी आलेल्या लाटांनी मच्छीमारांच्या बोटींचा ताफा मोडला. पश्चिमेचा शांतपणा वारा पूर्वेकडून आहे तोवरच असतो, तो असा.

दोन आठवड्यांत एक सुटीचा दिवस नक्की मिळेल. त्या दिवशी ब्रिजटाउनहून बॅथशेबाकडे जाणारी सरकारी निळी बस सकाळी पकडावी आणि डाव्या-उजव्या बाजूला चढत्या पायऱ्या मोजत जावे. वाटेत हॅकल्टन्स क्लिफच्या माथ्यावर जायला मिळाले तर उत्तमच: पाठीमागे उसाची सपाटी, पायाशी तुटलेला चुनखडक, खाली स्कॉटलंड डिस्ट्रिक्टचा चुरगळलेला हिरवा उतार आणि समोरून थेट तोंडावर येणारा वारा. खाली किनाऱ्यालगत जुन्या रेल्वेची वाट दिसते. १८८० च्या दशकात ती बांधली, समुद्र आणि घसरणारी माती ती वारंवार मोडत राहिली, आणि १९३७ मध्ये ती बंद झाली. आता तिच्यावरून चालत जाता येते. टोपी घट्ट बसणारी न्यावी.